संमती देणार

आम्हाला जागा दाखवणारा एजंट जागेला जागा म्हणायचा नाही. लोकेशन म्हणायचा. आणि जे काही बोलायचं ते माझ्या नवऱ्याकडं बघून बोलायचा. "साहेब, लोकेशन बघा. साहेब, वास्तूच्या हिशेबानं एकदम ओके हाय." मी शेजारीच उभी असायचे. माझा नवरा एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे आणि मी एका लॅबमध्ये रक्त काढते. घर दोघांच्या कमाईतून होणार होतं, खरेदीला नाव दोघांचं लागणार होतं. पण मी विचारलं, "इथं पाणी कुठनं येतं?" की हा माझ्या नवऱ्याला सांगायचा, "साहेब, पाण्याचं काय टेन्शन घेऊ नका."

एका लोकेशनवरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या. दुसरं लोकेशन सरळ ओढ्याच्या पोटात होतं. उन्हाळ्याचे दिवस, ओढा कोरडा ठणठणीत. पण काठच्या बाभळीला, माझ्या डोक्याच्याही वर, पुरात वाहून आलेल्या चिंध्या आणि प्लॅस्टिक अडकलेलं दिसत होतं. मी बोटानं दाखवलं, तर एजंट म्हणाला, "साहेब, वैनी लई बारीक बघत्यात." नवरा हसला. त्या हसण्याचा राग मी घरी येऊन भांड्यांवर काढला. तो ज्याचा त्याच्यावर काढायला हवा होता, हे मला फार उशिरा कळलं.

भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकिणीला विचारायचं, पाहुणे दोन दिवस राहिले तर पाण्यावरून तिचे टोमणे ऐकायचे. म्हणून कागलच्या अंगाला, हायवेपासून थोडं आत तो प्लॉट पाहिला तेव्हा मी एजंटाला, नवऱ्याला, सगळ्यांना विसरून गेले. काळीभोर जमीन. मुरुमाचे नवे रस्ते, चुन्याच्या रेघा, हद्दीचे दगड. एका कोपऱ्यात बुजवलेल्या विहिरीचा गोल दिसत होता आणि जवळ कडुलिंबाचा तोडलेला बुंधा होता. मी आमच्या प्लॉटच्या मधोमध उभी राहिले आणि स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला येईल ते ठरवून टाकलं. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले.

जमीन दोघा भावांची होती. धाकटा गप्प असायचा. बोलायचा तो थोरला, आणि काय गोड बोलायचा! आम्हाला घरी नेऊन जेवायला घातलं. तांबडा-पांढरा रस्सा, भाकरी, वर आग्रह. मी वाटी सरकवली तर म्हणाला, "असं कसं ताई? आजपासनं तुम्ही आमच्या भनीगत. भनीला उपाशी लावून देऊ व्हय?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं बघून बोलत होतं. मला तो माणूस आवडला. आजही आठवलं की मला त्याचा कमी, त्या आवडण्याचाच जास्त संताप येतो.

आमच्या वकिलांनी कागद बघितले आणि म्हणाले, "बापाच्या माघारी सातबाऱ्याला बहिणीचंही नाव लागलंय. तिची सही लागणार. खरेदीखतात तिला 'संमती देणार' म्हणून घालू." थोरला लगेच म्हणाला, "तिचं काय, बोलवलं की येती." जणू गावातली रिक्षा बोलवायची होती.

खरेदीच्या दिवशी आम्ही रजा टाकून, देवाला नमस्कार करून, बरे कपडे घालून रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात गेलो. तिथं जाऊन कळलं की सर्व्हर डाऊन आहे. चालू झाला की नंबरानं बोलावतील. बोळातल्या बाकांवर लोक पंख्याच्या वाऱ्याला धरून बसलेले. थोरला आणि एजंट बाहेर तंबाखू मळत उभे होते, धाकटा गाडीत झोपला होता. माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. साठीच्या पुढची, उन्हानं रापलेली, अंगावर कोरी साडी. घड्यांच्या रेषासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या. थोरल्यानं जाता जाता सांगितलं, "ही आमची अक्का." निपाणीच्याही पलीकडं कुठंतरी दिलेली. सकाळच्या गाडीनं आली होती.

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि म्हणाली, "तुमचं पण बँकेचं काम हाय काय तंगी?" धाकट्या बहिणीला तिकडं तंगी म्हणतात. जन्म सीमेपलीकडं काढलेला, बोलण्यात कानडी मुरलेली, स्वतःलाही आमच्याकडच्या जुन्या बायांसारखी 'आलो, गेलो' म्हणणारी.

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. "बँकेचं न्हाई अक्का. खरेदी हाय. तुमच्या भावांकडनंच प्लॉट घेतोय की आम्ही."

"असंल, असंल. वरचा माळ इकायचा म्हणालते. तिथं काय पिकत न्हाई. इकू द्या." मग ती माझ्याकडं सरकली. "माझं काम येगळं हाय. रस्त्याकडंच्या मळ्यात नवी पाईपलाईन घालायची हाय म्हणं. त्येच्या कर्जाला माझी सही लागती. गेल्या साली पण दोनदा दिली की, लाईटच्या कनेक्शनला. यंदा भुईमूग केलाय मळ्यात. जाताना पोतंभर शेंगा देतो म्हणालाय थोरला. नातवंडांस्नी लई आवडत्यात."

मला प्लॉटच्या कोपऱ्यातला तो बुजवलेला गोल आठवला. तरी मी विचारलं, "कुठला मळा अक्का? विहीर हाय तो?"

"व्हय की. हिरीच्या काठाला लिंबारा हाय न्हवं, त्योच. आईनं लावलेला लिंबारा. मी बाळंतपणाला आलो की त्येच्याच सावलीला माझ्या पोरांचा पाळणा असायचा."

गेल्या साली लाईटच्या नावाखाली घेतलेल्या सह्या कशाच्या होत्या ते मला कळलं. त्याशिवाय मळ्याचे प्लॉट पडलेच नसते. आता ही शेवटची सही. ती झाली की पोतंभर शेंगा द्यायच्या, त्याही बाजारातून आणून, आणि एसटीत बसवून द्यायचं.

मी उठले. नवऱ्याला हाताला धरून बाहेर चहाच्या गाड्यापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "तो त्यांच्या घरातला प्रश्न हाय. आपण कशाला पडायचं?"

"आपण पडलोयच की. तिची जमीन आपण घेतोय."

"आपण न्हाई घेतली तर दुसरा घेईल. सही तर ती करणारच हाय."

"मग कळून करू दे."

"तू तुझ्या माहेरचा राग हितं काढू नकोस," तो म्हणाला.

हे बोलायला नको होतं. माझे वडील गेल्यावर महिन्याभरात माझा मोठा भाऊ आमच्या खोलीवर आला होता. मी पीठ मळत होते. त्यानं पिशवीतून कागद काढला. "सही कर गं जरा, तलाठ्याकडं द्यायचाय." मी म्हटलं, वाचते, थांब. तो हसून म्हणाला, "वाचून काय करणार हाईस? तुझा भाऊ हाय मी." मी पदराला हात पुसले आणि सही केली. ते हक्कसोड होतं. वडिलांच्या उसाच्या रानावरचा, गावातल्या घरावरचा, सगळ्यावरचा माझा हक्क मी पिठाच्या हातानं सोडून दिला होता आणि मला पत्ताही नव्हता. कळलं ते दोन वर्षांनी, आईच्या तोंडून, बोलता बोलता. ती वर म्हणाली, "तुला काय कमी हाय? नवरा कमावता हाय." सगळ्यांनी मला हेच सांगितलं, की चांगल्या बहिणी मागत नाहीत. मी चांगली राहिले. दर भाऊबीजेला त्याला ओवाळत राहिले आणि ताटातली साडी घेऊन गुमान परत येत राहिले.

म्हणजे नवरा म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. राग माहेरचाच होता. पण तो तिथं काढला नव्हता म्हणूनच तर इतका साठला होता. आणि आता मी दुसऱ्या कुणाच्या बहिणीच्या अशाच सहीवर माझं स्वयंपाकघर बांधायला निघाले होते.

मी चहा तसाच ठेवला आणि बाकावर परत आले. "अक्का," मी म्हटलं, "हे बँकेचं काम न्हाई. रस्त्याकडचा मळाच विकालेत. त्याचे प्लॉट पाडलेत. त्यातला एक आम्ही घेतोय."

ती हसली. "न्हाई गं. शेंगा हायत की तिथं."

"शेंगा न्हाईत अक्का."

मी मोबाइल काढला आणि फोटो दाखवले. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मुरुमाचे रस्ते, चुन्याच्या रेघा. तिला काहीच ओळखू येईना. मग तिला मागच्या बाजूचं शेजाऱ्याचं पत्र्याचं शेड ओळखू आलं.

"लिंबारा कुठाय?" तिनं विचारलं.

"तोडला."

"आणि हीर?"

"बुजवली."

मला वाटलं ती रडेल. ती माझ्यावर उलटली. डोळे लाल झाले, आवाज चढला. "तू कोण मला सांगणारी? तुला जागा पायजे न्हवं? मग गप घ्यायची हुतीस! कशाला सांगितलंस मला?" बोळातले लोक बघायला लागले. तेवढ्यात सर्व्हर चालू झाला आणि आमचा नंबर पुकारला.

आत रजिस्ट्रारसाहेबांच्या टेबलापाशी आम्ही सगळे उभे राहिलो. थोरला, धाकटा, एजंट, वकील, आम्ही दोघं आणि अक्का. साहेबांनी दिवसभरात शंभरदा विचारत असतील त्या सुरात विचारलं, "व्यवहार मान्य आहे ना सगळ्यांना?" भाऊ म्हणाले, व्हय. साहेबांनी वर बघितलं. "मावशी, मान्य आहे का?"

"वाचून दाखवा," अक्का म्हणाली.

थोरला हसला. "अक्का, आता काय वाचायचं त्यात? कायद्याची भाषा हाय, तुला काय कळणार?"

"कळंल तेवढं कळंल. वाचा."

"मागं लोक थांबलेत," कुणीतरी म्हणालं.

"थांबू देत की. मी पण सकाळधरनं थांबलोय."

थोरल्याचं हसू गेलं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि अंगठा घ्यायच्या मशीनकडं ओढलं. "ठेव अंगठा. घरी जाऊन बोलू." तिनं मूठ आवळलेली होती. म्हातारीची मूठ आणि तिच्यावर त्याचा तो जाडजूड पंजा. माणसांची मनगटं धरणं हा माझा रोजचा धंदा आहे. घाबरलेल्या माणसाचा हात कसा धरावा हे मला ठाऊक आहे, आणि तो असा धरत नाहीत. मी पुढं झाले आणि त्याचा हात झिडकारला. "सोडा तिला!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरचा टायपिंगचा आवाज थांबला.

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. "जबरदस्ती असेल तर हा दस्त माझ्याकडं होणार नाही. बाहेर जा सगळे."

बाहेर आल्यावर जे व्हायचं ते झालं. सकाळपर्यंतची ताई गायब झाली. "ही बाई आमचं घर फोडाय आली! हिला कुणी सांगितलं हुतं अक्काचे कान भरायला?" थोरला माझ्या नवऱ्याकडं बघून ओरडत होता, "बायकोला आवर घाला पावणं!" एजंट दोघांच्या मध्ये हात जोडून नाचत होता. "साहेब, वैनींनी डील खराब केली. साहेब, असं करत्यात व्हय?"

मी आयुष्यात रस्त्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "माझ्याकडं बघून बोल!" मी म्हटलं. "भनीला फसवून बापाची जमीन विकतोस आणि घर मी फोडलं व्हय? आईनं लावलेलं झाड तोडताना तुझं घर कुठं हुतं?" आणखीही बरंच बोलले, जे इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. नवरा मला आवरेल असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. तो आवरायला आला नाही. खाली मान घालून माझ्या शेजारी उभा राहिला, एवढंच.

भाऊ गाडीत बसले आणि निघून गेले. अक्काला तिथंच सोडून. तिची पिशवीसुद्धा गाडीतच राहिली. कोरी साडी नेसलेली ती बाई ऑफिसच्या पायरीवर उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत राहिली. तिला वाटत होतं, गाडी परत येईल.

आम्ही तिला रिक्षानं स्टँडवर नेलं. नवऱ्यानं तिकिटाचे पैसे तिच्या हातात ठेवले, केळी आणून दिली. ती त्याच्याशी नीट बोलली. माझ्याशी बोलेना. गाडी लागल्यावर पायरीवर पाय ठेवून मागं वळली. "आज माझं माहेर संपलं," ती म्हणाली. "तू देणार हाईस व्हय मला माहेर?"

गाडी हलेपर्यंत मी तिच्या खिडकीखाली उभी राहिले.

पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात बोलणं फक्त मीठ-मसाल्यापुरतं होतं. दिलेला विसार परत मिळवायला नवऱ्याला एजंटाच्या दारात किती खेटे घालावे लागले ते तो मला सांगायचा नाही, पण चपला जोरात काढायचा. एजंटानं त्याच्या धंद्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं की त्या साहेबांची बायको भांडकुदळ आहे, तिला जागा दाखवू नका. लोकांना माझंच चुकलेलं वाटायचं. लॅबमधली एक मैत्रीण म्हणाली, "तुला काय पडलं होतं गं? घर झालं असतं की." माझ्या सासूबाईही तेच म्हणाल्या. बायकाच म्हणाल्या, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. या सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या कागदावर सही केलेली होती.

त्या दिवाळीला भाऊबीजेला मी माहेरी गेले. ओवाळायच्या आधीच भावाला म्हटलं, "त्या सहीबद्दल बोलायचंय." त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला कुणी शिकवलं हे? दाजींनी?" मी म्हटलं, "मला कुणी शिकवायला लागत नाही." आई मधे पडली, सणाच्या दिवशी नको म्हणाली. भावजय आत निघून गेली. भाऊ म्हणाला, "सही तुझी हाय. कोर्टात जायचं तर जा." मी न ओवाळता परत आले. वकील म्हणतात, एवढ्या वर्षांनी ती सही मोडणं अवघड आहे. असेल. पण आता निदान त्याला माहीत आहे की मला माहीत आहे. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आला तो रागच, आणि तोही इतकी वर्षं गप्प बसल्याचा.

जागा शेवटी आम्हाला मिळाली. एजंटाशिवाय. नवऱ्याच्या फौंड्रीतल्या एका निवृत्त माणसानं त्याचा प्लॉट विकायला काढला होता, हातकणंगल्याच्या बाजूला. काळी जमीन नाही, नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडते. बोअरला पाणी लागलं तेही खूप खाली. खरेदीच्या आधी मी त्या गृहस्थांना विचारलं, "तुम्हाला बहिणी आहेत का? त्यांना ठाऊक आहे का?" ते चिडले. "ही जमीन माझ्या कष्टाची हाय, बापाची न्हवं," म्हणाले. मी म्हटलं, "तरी सांगा." नवऱ्यानं कपाळाला हात लावला, पण मला थांबवलं नाही. खरेदीखतात पहिलं नाव माझं आहे. तेही त्यानंच वकिलांना सांगितलं, मला न विचारता.

अक्काचा फोन आला तो जोत्याचं काम चालू असताना. स्टँडवर माझ्या नवऱ्यानं तिला माझा नंबर लिहून दिला होता, हे मला तेव्हा कळलं. आधी तिनं माझा आवाज ओळखून घेतला. मग नमस्कार नाही, खुशाली नाही, एकदम म्हणाली, "केस घातली मी. पोरानं वकील गाठून दिलाय. मळ्यावर स्टे आणलाय. एक दगड इकू देणार न्हाई."

"भाऊ काय म्हणत्यात?" मी विचारलं.

"काय म्हणत्यात! थोरला म्हणतोय, अक्का मेली आमाला." आणि मग तिनं त्याला अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत अशा शिव्या घातल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. दम लागल्यावर थांबली. म्हणाली, "तुझा भाऊ काय करतोय गं?" नवऱ्यानं स्टँडवर तिला तेही सांगितलं होतं.

"काय करायचाय? ऊस घालवला औंदा, वडिलांच्या रानातला," मी म्हटलं. "त्याला माझी आठवण येत न्हाई."

"यील कशी? मुडदा!" अक्का म्हणाली आणि माझ्या भावाला, ज्याला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, तिनं मनापासून शिवी दिली.

गवंडी वाळूचं विचारायला आला होता, त्याला मी हातानं थांबवलं आणि विटांच्या चवडीवर बसले. तिची केस अजून चालू आहे. तारखा पडतात, भाऊ येत नाहीत. मळ्यात गवत वाढलंय. तिला माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही, ती तसं तोंडावर सांगते. मीही तिला सांगते की परत वेळ आली तर परत सांगेन. प्रत्येक तारखेनंतर ती फोन करते.